उतारशाळेतले दिवस



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्याची नाटुकली केली आहे. याजक येतो आणि बाजूने निघून जातो. लेवी येतो आणि तोही निघून जातो. मग शोमरोनी येतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो आणि जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो. इथे आपली नाटुकली संपते आणि टाळ्या पडतात.

संत लूक मात्र इथे थांबत नाहीत. शोमरोनी त्या माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की याची काळजी घे, अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन (लूक १०:३४-३५). एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची मजुरी रोख, आणि पुढचा खर्च किती होईल हे ठाऊक नसताना दिलेला शब्द! तो जखमी माणूस किती दिवसांनी बरा झाला, पूर्ण बरा झाला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही.

आज आपण या न सांगितलेल्या दिवसांविषयी विचार करू या. कारण आपल्याच धर्मग्रामातील एक कुटुंब सध्या त्या उतारशाळेत आहे, आणि त्यांच्या बाबतीत आमच्याकडून एक चूक झाली आहे. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, आम्ही हे लिहीत आहोत.

ते गृहस्थ पन्नाशीचे. मिस्सेला नेहमी डाव्या बाजूच्या बाकावर बसणारे, सणाच्या आदल्या दिवशी मंडप घालायला सर्वांत आधी येणारे. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. दोन दिवसांत ते असंबद्ध बोलू लागले, तिसऱ्या दिवशी आकडी आली. डॉक्टरांनी सांगितले, विषाणूमुळे मेंदूला सूज आली आहे. ते अतिदक्षता विभागात होते तेव्हा आम्ही आजाऱ्यांना भेटणारी मंडळी रोज जात होतो. शहाळी नेली, जपमाळ केली, पैसे गोळा केले. ते शुद्धीवर आले तेव्हा रविवारच्या मिस्सेत आभार मानले. आणि मग आम्ही आपापल्या घरी गेलो.

त्यांच्या पत्नीसाठी मात्र आजार तिथून सुरू झाला. घरी आलेला माणूस चमच्याने भरवावा लागत होता. उजवा हात उचलत नव्हता. पाणी पिताना ठसका लागत होता. बायकोला तो कधी आई म्हणे, कधी ओळखतच नसे. जो माणूस कधी आवाज चढवून बोलला नव्हता तो आता शिव्या देऊ लागला. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी सल्ला दिला की तीन महिने पुनर्वसन विभागात भरती करून ठेवा. मुलाने विचारले, "डॉक्टर, बाबा पहिल्यासारखे होतील ना?" डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "पहिल्यासारखे होतील असे सांगता येत नाही. आतापेक्षा बरे होतील, अशी आशा आहे."

तीन महिने मुंबईत म्हणजे घरातील दोन माणसांचे काम बंद, खोलीचे भाडे आणि औषधांचा खर्च. घरची आंब्याची बारा कलमे विकावी लागणार होती. मुलीचे कॉलेज त्याच कलमांवर चालले होते. त्या बाई आम्हांला भेटल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जो पूर्ण बरा होणारच नाही त्याच्यासाठी मुलांच्या तोंडचा घास काढायचा, हे देवाला मान्य आहे का? आणि नाही काढला, तर देव मला विचारेल का?"

आम्ही त्या वेळी म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा." ते उत्तर खोटे नव्हते, पण आम्ही ते त्यांच्या प्रश्नातून सुटण्यासाठी दिले होते. म्हणून आज नीट विचार करू या.

प्रथम हा आजार समजून घेऊ. आपल्याकडे मेंदूच्या अशा आजाराला सरसकट मेंदुज्वर म्हणतात. तो अनेक विषाणूंमुळे होतो. डासांमुळे पसरणारा जपानी मेंदुज्वर आहे. वालुमाशीमुळे पसरणारा चांदीपुरा विषाणू आहे. त्याचे नाव नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून पडले, कारण १९६५ साली तो तिथल्या रुग्णांत प्रथम सापडला. २००३ साली त्याने आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात कित्येक बालकांचा बळी घेतला. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, २०१६ पासून माकडताप लोकांना परिचयाचा झाला. तो गोचिडीपासून होतो आणि काही रुग्णांत ताप उतरल्यावर दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम करतो. ओठावर साधा फोड आणणाऱ्या नागिणीच्या जातीचा विषाणूही क्वचित मेंदूत शिरतो आणि स्मरणशक्तीच्या जागीच घाव घालतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडनंतरही काहींना अर्धांगवायू झाला, काहींचे भान हरपले, हे आपण पाहिले आहे.

जपानी मेंदुज्वरात ज्यांच्या मेंदूला सूज येते त्यांपैकी सुमारे २० ते ३० टक्के दगावतात. जे वाचतात त्यांतील पुष्कळांच्या हालचालीत, बुद्धीत वा वागण्यात कायमचा फरक राहतो. म्हणजे विषाणू निघून जातो, पण घाव मागे राहतो. मेंदूच्या पुढच्या भागावर घाव असेल तर माणसाचा स्वतःवरील ताबा सुटतो. बाजूच्या भागावर असेल तर कालचा दिवस आठवत नाही. आतल्या गाभ्यावर असेल तर हातपाय ताठरतात, थरथरतात.

मग पुनर्वसन विभागात भरती करून काय करतात? तिथे चमत्कार होत नाहीत. तिथे रोज तेच तेच करतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवतात. आधी बसायला, मग उभे राहायला, मग चालायला शिकवतात. गिळायला शिकवतात, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. पातळ पाणी थोडे दाट करून, ताठ बसवून, एकेक घोट. भिंतीवर मोठे कॅलेंडर असते, हातात वही असते. आज वार कोणता, ही बाई तुमची कोण, सकाळी काय खाल्ले, हे रोज विचारतात. शर्टाचे बटण लावणे हा एक धडा असतो. आणि घरच्या माणसालाही हे सर्व शिकवतात. मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग सरावाने त्याचे काही काम शिकतात. पहिल्या महिन्यांत ही सुधारणा अधिक होते. पुढे ती मंदावते, तरी वर्षानुवर्षे थोडी थोडी चालू राहू शकते. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून यासाठी केंद्र सरकारची संस्था आहे. वेल्लोरला १९६६ साली पुनर्वसन संस्था उभी राहिली ती डॉ. मेरी व्हर्गीस यांच्या प्रयत्नाने. १९५४ च्या अपघातात त्यांचे स्वतःचे पाय कायमचे लुळे पडले होते. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि मग इतरांना पुन्हा जगायला शिकवणारी संस्था उभारली. पूर्ण बरे होणे म्हणजेच जगणे, असे मानले असते तर त्यांनी यांतले काहीच केले नसते.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

कोणी म्हणेल, जो स्वतःलाच ओळखत नाही तो आता पूर्वीचा माणूस राहिलाच कुठे? हे बोलणे कठोर वाटते, पण थकलेल्या घरात रात्री तीन वाजता असा विचार मनात येतो. तो आला म्हणून कोणी स्वतःला पापी समजू नये. त्याचे उत्तर मात्र शोधले पाहिजे. आपली श्रद्धा सांगते की माणूस म्हणजे त्याची स्मृती नव्हे. तसे असते तर तान्हे बाळ माणूस ठरले नसते आणि गाढ झोपलेला मनुष्य रोज रात्री नाहीसा झाला असता. प्रवक्ता यशया सांगतो की आई एखादे वेळी पोटच्या मुलाला विसरेल, पण परमेश्वर विसरणार नाही. त्याने आपल्याला तळहातावर कोरून ठेवले आहे (यशया ४९:१५-१६). आपण कोण आहोत हे आपल्या आठवणीवर अवलंबून नाही, देवाच्या आठवणीवर आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना ठामपणे सांगितले की ज्याचे भान कायमचे हरपले आहे त्याचीही मानवी प्रतिष्ठा तसूभर कमी होत नाही. त्यानंतर वर्षभरातच, मेंदूच्या आजाराने त्यांचा स्वतःचा आवाज गेला. खिडकीत उभे राहून आशीर्वाद द्यायला त्यांनी तोंड उघडले आणि शब्द उमटला नाही. २ एप्रिल २००५ रोजी ते प्रभूकडे गेले. त्या मूक दिवसांत ते कमी पोप होते असे कोणी म्हणाले का?

आणखी एक गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोप-अमेरिकेत मेंदूच्या सुजेची एक विचित्र साथ आली होती. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही. तिच्यातून वाचलेले कित्येकजण पुढे दगडासारखे स्तब्ध झाले आणि दशकानुदशके रुग्णालयात पडून राहिले. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा काही रुग्णांना एक नवे औषध दिले तेव्हा ते बोलू लागले, हसू लागले, उठून चालू लागले. पुष्कळांच्या बाबतीत तो परिणाम टिकला नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. इतकी वर्षे आत कोणीच नाही असे जिथे वाटत होते, तिथे आत माणूस होता.

म्हणून पहिले उत्तर असे की, तो तोच आहे. आणि त्याच्या शिव्या? ख्रिस्तसभा शिकवते की गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. घावामुळे ज्याचा ताबाच सुटला आहे त्याच्या शिवीचा हिशेब देव त्याच्या खाती मांडत नाही. आपणही मांडू नये. पण ती शिवी ऐकणाऱ्या पत्नीला दुःख होते, हे खरे आहे. नवरा समोर बसलेला असताना पूर्वीच्या नवऱ्यासाठी ती रडली तर तिला अश्रद्ध म्हणू नका. तिला रडू द्या.

आता दुसरा भाग, कलमे विकण्याचा. इथे ख्रिस्तसभा आपल्यावर आंधळे ओझे टाकत नाही. १९८० साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या निवेदनात स्पष्ट सांगितले आहे की जे उपचार मिळणाऱ्या लाभाच्या मानाने फार भारी आहेत, कुटुंबावर असह्य बोजा टाकतात, ते घेण्याची सक्ती नाही. अन्नपाणी, स्वच्छता, ऊब, प्रेम ही काळजी मात्र कधीही थांबवता येत नाही. म्हणजे एखादा उपचार सोडता येतो, माणूस सोडता येत नाही. त्या बाईंनी मुंबईला न जाण्याचे ठरवले असते, तर त्या देवापुढे दोषी ठरल्या नसत्या. हे आम्ही तेव्हाच सांगायला हवे होते.

पण विचार इथे थांबवला तर तो अर्धाच राहील. ओझे प्रमाणाबाहेर आहे की नाही, हे कशावर ठरते? फक्त वजनावर? खांदे किती आहेत, यावरही ठरते.

कफर्णहूमच्या त्या घराची आठवण करा. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले. दारात गर्दी होती म्हणून त्यांनी छप्पर उघडले आणि बाज खाली सोडली. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे संत मार्क लिहितात (मार्क २:५). एकट्याला ती बाज उचलली नसती. एकट्यासाठी ते काम प्रमाणाबाहेर होते, चौघांसाठी नव्हते. आणि बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून राहिलेल्या माणसाची तक्रार काय होती? मला पाण्यात सोडायला कोणी नाही, हीच (योहान ५:७).

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यांच्या मेंदूची इजा आजारामुळे झाली नव्हती, १९७३ साली झालेल्या क्रूर हल्ल्यामुळे झाली होती. पण प्रश्न तोच होता. १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांच्या मरणाचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले की आम्हांला ही जड नाही. एकटी परिचारिका ४२ वर्षे हे करू शकली नसती. एका पिढीने दुसरीच्या हाती दिले, पाळी लावून केले. म्हणून ते जड झाले नाही.

बंधुभगिनींनो, इथे आमची चूक आम्हांला दिसली. त्या बाईंसाठी तीन महिन्यांचा उपचार असह्य झाला तो त्यांच्या गरिबीमुळे जितका, तितकाच आमच्या गैरहजेरीमुळे. आम्ही रस्त्यावरचे शोमरोनी झालो आणि उतारशाळेच्या दारातून परत फिरलो. अपघात, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, इथे आपण धावतो, कारण तिथे निकाल लवकर लागतो. बटण लावायला शिकणाऱ्या माणसाजवळ बसायला कोणी जात नाही, कारण तिथे निकाल लागत नाही.

येशूनेही सगळ्यांना एकाच क्षणात बरे केले नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला त्याने हाताला धरून गावाबाहेर नेले, स्पर्श केला आणि विचारले, काही दिसते का? तो म्हणाला, माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशूने पुन्हा हात ठेवले (मार्क ८:२२-२५). सर्वसमर्थ प्रभूने एकदा हात ठेवून थांबायचे नाही असे ठरवले, तेव्हा त्याने आपल्याला काहीतरी शिकवले. आणि याईराच्या मुलीला मरणातून उठवल्यावर त्याची शेवटची आज्ञा कोणती होती? हिला काहीतरी खायला द्या (मार्क ५:४३). चमत्कार त्याने केला, पुढचे काम घरच्यांवर सोपवले.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले हे तुम्ही विचाराल. सहा कलमे विकली गेली, सहा राहिली. बाकीचा भार काही घरांनी वाटून घेतला. दोघांनी पंधरा पंधरा दिवस मुंबईत पाळीने मुक्काम केला, जेणेकरून मुलाला रत्नागिरीत कामावर जाता आले. तीन महिन्यांनी ते गृहस्थ काठी घेऊन, दुसऱ्याच्या आधाराने चालत घरी आले. उजव्या हाताने अजून जेवता येत नाही. पत्नीचे नाव बहुतेक दिवस आठवते. काही दिवस नाही. एवढेच. ही साक्ष मोठी नाही, पण खरी आहे.

आता आपण काय करावे? अशा घरी दुपारचे दोन तास बसायला जावे, म्हणजे घरची बाई झोपेल. जाताना डबा न्यावा. आजाऱ्याशी हळू, छोट्या वाक्यांत बोलावे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नये. "देव परीक्षा पाहतोय" असे म्हणू नये. आकडीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायला कोणी सांगू नये. वागणे बदललेल्या माणसाची टर उडवू नये. आपल्या शहरात ब्रिटिश काळापासून मनोरुग्णालय आहे, त्यावरून आपण सहज विनोद करतो; त्या घरातल्या मुलाला तो विनोद कसा लागतो याचा विचार करावा. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहायला कोणीतरी सोबत जावे. २०१६ च्या कायद्यात मेंदूच्या व मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांचाही समावेश आहे. आणि धर्मगुरूंना कळवावे. रुग्णाभ्यंगाचा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही. तो घरी मिळतो, आजार वाढल्यास पुन्हाही मिळतो.

दर वर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला, आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. आजाऱ्यांना चर्चमध्ये आणतो, पुढच्या बाकांवर बसवतो. ते चांगलेच आहे. पण १२ फेब्रुवारीही येते. शोमरोन्याने "परत येईन" असा शब्द दिला होता. तो शब्द आज आपल्या तोंडी आहे.

चिंतनासाठी:
१. माझ्या वाडीत असा कोणता आजारी आहे, ज्याच्या घरी मी पहिल्या आठवड्यात गेलो आणि नंतर गेलो नाही?
२. जिथे सुधारणा दिसत नाही तिथे मी किती दिवस टिकतो?
३. कोणाच्या बाजेचा चौथा कोपरा आज रिकामा आहे?

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांना स्वतःचे नाव आठवत नाही त्यांचे नाव तू जाणतोस. त्यांची सेवा करून थकलेल्यांना झोप दे, धीर दे आणि सोबत दे. आणि ती सोबत म्हणून आम्हांला पाठव. आमेन.